हार्डडिस्क बदलली आणि मशीन रुसलं

तुळशीचं लग्न आटोपलं की अण्णांच्या छापखान्यात पत्रिकांची रीघ लागते. अण्णा म्हणजे नवऱ्याचे चुलते. बार्शीत त्यांचं दोन खणांचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल आणि मधल्या कोपऱ्यात २०११ साली असेंबल करून घेतलेलं मशीन: एच६१ चा मदरबोर्ड, आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम. विंडोज ७, त्यावर पानं मांडायचं पेजमेकर, मराठी टायपिंगची श्री-लिपी आणि तिचा डोंगल, म्हणजे ती चालायला पोर्टात लावून ठेवायची किल्ली. बटण दाबून अण्णा चहा सांगायचे, चहा पिऊन व्हायचा, तरी डेस्कटॉपवर गोल फिरतच असायचं.

नवीन मशीन घ्या म्हणणं सोपं आहे. पण वीस वर्षांच्या पत्रिकांचे साचे त्याच पेजमेकरमध्ये आणि त्याच फाँटमध्ये, त्यामुळे अण्णा काही ऐकेनात. मीच म्हटलं, "अण्णा, मशीन राहू द्या, नुसती हार्डडिस्क काढून एसएसडी टाकू. अर्ध्या तासाचं काम आहे." (एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क.) अकरा वर्षं एमएस-सीआयटीचे क्लास घेतलेत, आता घरीच दुरुस्त्या करते, तेव्हा तोंडातून निघून गेलं. त्या अर्ध्या तासाच्या पुढे दोन रात्री झाल्या. त्यात काय काय अडलं आणि कसं सुटलं, ते इथे लिहितेय. जुन्या डेस्कटॉपला हात घालणाऱ्या बहुतेकांचं यातल्याच कुठल्या तरी पायरीवर अडतं.

आधी एक सवय लावून घ्या. फोनवर लोक सांगतात, "मॅडम, चालूच होत नाहीये." यातून मला काहीच कळत नाही. स्क्रीनवर जी ओळ येते ती अक्षर न् अक्षर कागदावर उतरवा, किंवा मोबाइलवर फोटो काढा. मशीन सुरू होताना, म्हणजे बूट होताना, काम हातोहात पुढे जातं. बायॉस, म्हणजे मदरबोर्डवरचा मशीन जागं करणारा प्रोग्रॅम, डिस्क शोधतो. डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला छोटा प्रोग्रॅम अ‍ॅक्टिव्ह पार्टिशन (डिस्कचा बूटसाठी खूण केलेला भाग) शोधतो. त्या पार्टिशनवर बूटएमजीआर नावाची फाइल असते, ती बीसीडी नावाची यादी वाचते, आणि त्या यादीत लिहिलेल्या जागेवरून विंडोज उठतं. प्रत्येक टप्प्याचा अडल्यावरचा ओरडा वेगळा असतो, म्हणून ती ओळ महत्त्वाची.

स्क्रीन काळीच राहिली तर

ओळ नाही, लोगो नाही, नुसता पंखा फिरतोय आणि आतून लांब बीप येतेय, अशा वेळी एसएसडीला दोष देऊ नका. डिस्क मुळीच नसली तरी बायॉसचा लोगो दिसायला हवा. डिस्क बदलताना आपला हात रॅमला लागलेला असतो, किंवा वायर ओढताना प्रोसेसरजवळचा चार पिनांचा प्लग सैल झालेला असतो. मेनचं बटण बंद करा, मागची वायर काढा, रॅमची पट्टी काढून सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर हलका फिरवा, रबराचा कचरा झटका आणि दोन्ही बाजूंचे खटके लागेपर्यंत पट्टी दाबून बसवा. अर्ध्या वेळा इथेच गाडी सुरू होते.

बायॉसला एसएसडी दिसतच नसेल तर

लोगो आल्याबरोबर डिलीट दाबत राहा. काही ब्रँडेड मशीनवर एफ२ किंवा एफ१० असतं. डिस्कच्या यादीत एसएसडीचं नाव शोधा. ते नसेल तर विंडोजकडे वळण्यात अर्थ नाही, गडबड वायरीत किंवा पोर्टात आहे. डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या जुन्या लाल साटा वायरींना खटका नसतो. दहा-बारा वर्षं एकाच जागी राहिल्यावर त्या ढिल्या पडतात, जरा हलवलं की संपर्क तुटतो. मी पिशवीत खटक्याच्या दोन नव्या वायरी ठेवतेच. वायर बदलूनही दिसली नाही तर पोर्ट बदला, आणि बायॉसमध्ये तो पोर्ट कुणी डिसेबल करून ठेवला नाही ना ते बघा.

पॉवर सप्लायला साटाची वायर नसेल तर चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारा जोड मिळतो. तो घेताना वायरी एकसंध प्लॅस्टिकमध्ये ओतून बसवलेला घेऊ नका. त्यात आतल्या आत शॉर्ट होऊन जळल्याची उदाहरणं आहेत. वायरी वेगवेगळ्या दाबून बसवलेल्या दिसतात, तो घ्या.

एच६१ वर साटाचे चारही पोर्ट ३ गिगाबिटचे असतात आणि एसएसडीवर ६ लिहिलेलं असतं. त्याची काळजी नको, ती खालच्या वेगावर जुळवून घेते. फार जुन्या, १.५ गिगाबिटच्या जमान्यातल्या काही व्हिया आणि सिस चिपसेटच्या बोर्डांवर मात्र हे जुळणं होत नाही. तिथे एसएसडी दिसतच नाही, आणि जुन्या हार्डडिस्कवर असायचा तसा वेग उतरवायचा जंपरही तिच्यावर नसतो. अशा मशीनवर पैसे घालू नका, हे माझं स्पष्ट मत.

आणखी एक. हल्ली दुकानदार एम.२ ची चपटी एनव्हीएमई पट्टी (साटाऐवजी वेगळ्या पद्धतीने बोलणारी एसएसडी) हातात देतो, सोबत स्लॉटमध्ये बसणारं कार्डही देतो. २०११ च्या बोर्डाच्या बायॉसला एनव्हीएमई कळत नाही. विंडोज सुरू झाल्यावर ती डिस्क म्हणून दिसू शकेल, पण तिच्यावरून मशीन बूट होणार नाही. अडीच इंची साटा एसएसडीच मागा.

पहिली रात्र

अण्णांच्या मशीनमध्ये दोन डिस्क होत्या: विंडोजची ५०० जीबीची आणि पत्रिकांच्या साठ्याची १ टीबीची. ५०० जीबीवाली काढली, माझ्या लॅपटॉपला जोडून तिच्यातलं सी ड्राइव्ह २४० जीबीच्या एसएसडीवर क्लोन केलं, म्हणजे जसंच्या तसं उतरवलं, आणि एसएसडी जागेवर बसवली. बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर पांढरी ओळ आली: रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस.

ही ओळ बायॉसची. म्हणजे ज्या डिस्ककडे तो बघतोय, तिच्यावर त्याला बूट करण्याजोगं काही सापडत नाही. एसएसडी यादीत तर दिसत होती. बूटचा क्रम बघितला, हार्डडिस्क पहिली, डीव्हीडी दुसरी. सगळं बरोबर.

इथे खूप जण फसतात, मीही दहा मिनिटं फसले. जुन्या बायॉसमध्ये क्रम दोन ठिकाणी असतो. एक वरचा: आधी हार्डडिस्क, डीव्हीडी की पेनड्राइव्ह. दुसरा त्याच्या खाली दडलेला: हार्डडिस्कांमध्ये आधी कोणती. त्याला कुठे हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज म्हणतात, कुठे हार्ड ड्राइव्ह बीबीएस प्रायॉरिटीज. वरच्या यादीत या आतल्या यादीतला पहिलाच मानकरी दिसतो, आणि बरेच जुने बायॉस त्या एकाच डिस्ककडे बघून हात टेकतात. इथे साठ्याची १ टीबी वर जाऊन बसली होती. एसएसडीला तिच्या वर आणलं, एफ१० दाबून सेव्ह केलं.

खरं तर हे टाळता येतं. डिस्क बदलल्यावर पहिल्यांदा मशीन सुरू करताना नव्या डिस्कशिवाय बाकी सगळ्यांच्या वायरी काढून ठेवायच्या. मी क्लासमध्ये हेच शिकवायचे.

आता ओळ बदलली: बूटएमजीआर इज मिसिंग. अण्णा मागून म्हणाले, "पुन्हा तेच का?" तेच नव्हतं. मी खूश झाले होते, कारण गाडी दोन स्टेशनं पुढे आली होती. बायॉसला डिस्क मिळाली, अ‍ॅक्टिव्ह पार्टिशनही मिळालं, फक्त त्यावर बूटएमजीआर ही फाइल नव्हती.

चूक माझीच. विंडोज ७ रिकाम्या डिस्कवर टाकलं की सुरुवातीला १०० एमबीचं एक छोटं पार्टिशन करतं, त्याचं नाव सिस्टम रिझर्व्ह्ड. त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं, म्हणून माय कॉम्प्युटरमध्ये ते दिसत नाही. बूटएमजीआर आणि बीसीडी तिथेच असतात. मी घाईत फक्त सी उचललं आणि नव्या पार्टिशनला अ‍ॅक्टिव्ह करून मोकळी झाले. क्लोन करताना ड्राइव्ह निवडू नका, अख्खी डिस्क निवडा. मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर जायचं असेल तर पार्टिशन लहान करून घेणारं सॉफ्टवेअर वापरा. क्लोनझिला चांगलं आहे, पण मुळापेक्षा लहान डिस्कवर ते सरळ उतरत नाही, आधी मूळ पार्टिशन आवळावं लागतं. आणि मूळ हार्डडिस्क खडखड करत असेल तर क्लोनच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिची तब्येत बघून घ्या. खराब सेक्टरवरून उचललेली फाइल नव्या डिस्कवरही खराबच उतरते.

पुन्हा क्लोन करायची गरज नव्हती. हरवलेल्या फाइली जागेवर लिहून घेता येतात. विंडोजच्या इन्स्टॉलेशनच्या डीव्हीडीवरून किंवा पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा. भाषा विचारणारा पडदा आला की शिफ्ट आणि एफ१० एकदम दाबा, काळी कमांडची खिडकी उघडते. खालच्या कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितेय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.

पहिल्यांदा अक्षर तपासा. या खिडकीत विंडोजचं पार्टिशन सीच असेल असं नाही, डी किंवा ई असू शकतं. डीआयआर सी: असं टाइप करून विंडोज आणि युजर्स हे फोल्डर दिसतात का बघा, नाही दिसले तर पुढचं अक्षर. मग डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क. आकारावरून एसएसडी ओळखा, समजा ती ० नंबरची आहे. सिलेक्ट डिस्क ०, लिस्ट पार्टिशन, सिलेक्ट पार्टिशन १, अ‍ॅक्टिव्ह, एक्झिट. हे अ‍ॅक्टिव्ह फक्त एमबीआर पद्धतीच्या, म्हणजे पार्टिशनची यादी जुन्या रीतीने ठेवणाऱ्या, डिस्कसाठी आहे. त्यानंतरची खरी कमांड:

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस सी:

म्हणजे सी वरच्या विंडोजमधून बूटच्या फाइली घे आणि सी वरच लिही. विंडोज १० च्या पेनड्राइव्हवरून करत असाल तर शेवटी /एफ बायॉस जोडा. विंडोज ७ च्या डीव्हीडीवरच्या बीसीडीबूटला /एफ कळत नाही, तिथे ते लावू नका. मिसिंग ऑपरेटिंग सिस्टम अशी ओळ असेल किंवा नुसता कर्सर लुकलुकत असेल, तर आधी बूटरेक /फिक्सएमबीआर आणि बूटरेक /फिक्सबूट चालवा. बूटएमजीआर सापडला पण निळ्या किंवा काळ्या पडद्यावर शेवटी सी००००००ई आकड्याचा एरर आला, तर बीसीडीची यादी जुन्या डिस्कचा पत्ता दाखवतेय असं समजा. त्यालाही बहुधा बीसीडीबूटच लागू पडतं.

क्लोन न करता नवं विंडोज टाकणाऱ्यांनाही बूटएमजीआर इज मिसिंग हीच ओळ भेटते. जुनी डिस्क जोडलेली ठेवून एसएसडीवर विंडोज टाकलं की इन्स्टॉलर बूटच्या फाइली खुशाल जुन्या डिस्कवर ठेवतो. दोन्ही डिस्क आहेत तोवर सगळं गोड. जुनी काढली की बोंब. इलाज वरचाच.

रात्री पावणेबाराला विंडोज ७ चा लोगो आला, लॉगिन झालं, पेजमेकर उघडलं. अण्णांनी शटर ओढलं आणि मेनचं बटणही बंद केलं.

दुसरी रात्र

सकाळी फोन. "सूनबाई, काल तुझ्यासमोर चालू होतं, आता निळं होऊन बंद पडतंय."

संध्याकाळी गेले. विंडोजचा लोगो येतो, क्षणभर निळा पडदा चमकतो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून. निळा पडदा वाचता यावा म्हणून लोगोच्या आधी एफ८ दाबत राहायचं आणि यादीतून डिसेबल ऑटोमॅटिक रीस्टार्ट निवडायचं. निवडलं. पडदा थांबला, आकड्याच्या शेवटी ७बी.

७बी म्हणजे विंडोज उठलं, पण ज्या डिस्कवरून उठलं तीच त्याला वाचता येत नाही. डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं, आयडीई की एएचसीआय, हे बायॉसमध्ये ठरवलेलं असतं. विंडोज टाकताना जी पद्धत होती तिचाच ड्रायव्हर ते सुरुवातीला उचलतं. पद्धत मागाहून बदलली की घरमालकानं कुलूप बदलावं आणि किल्ली जुनीच हातात राहावी तशी गत.

पण मी तर ती बदलली नव्हती. बायॉसमध्ये गेले, तर पद्धत आयडीई. आणि काल वर आणून ठेवलेली एसएसडी? पुन्हा १ टीबीच्या खाली. मग आज लोगोपर्यंत पोचलंच कसं? अण्णांनी सकाळी भाच्याला बोलावून घेतलं होतं. त्यानं एफ१२ दाबून बूट मेनूतून एसएसडी निवडली होती, आणि मीही आल्या आल्या तेच केलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं: १ जानेवारी २०११.

सीमॉसची बॅटरी. मदरबोर्डवर रुपयाएवढ्या आकाराची सीआर२०३२, ३ व्होल्टची. मशीन बंद असताना घड्याळ आणि बायॉसची सेटिंग तिच्यावर जगतात. पण एक गंमत आहे. मेन चालू असेल तर मशीन बंद असतानाही पॉवर सप्लायमधून बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि सेटिंग तिच्यावर तगून राहतात. अण्णांच्या दुकानात इतकी वर्षं मशीनचं मेनचं बटण कधी बंद होतच नव्हतं. बॅटरी कधीची मेलेली, कुणाला पत्ता नाही. एसएसडी बसवायला मी वायर काढली तेव्हाच सेटिंग पहिल्यांदा उडाली आणि १ टीबी वर गेली. पहिल्या रात्री क्रम लावताना मी सवयीने एएचसीआयही करून टाकलं होतं, लक्षातही नव्हतं. रात्री अण्णांनी मेन बंद केलं, सगळं पुन्हा कोरं.

तेव्हा जुन्या डेस्कटॉपची डिस्क बदलायला निघालात तर वायर काढण्याआधी बायॉसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा, आणि बॅटरी न तपासता नवीच टाका. मीटर असेल तर २.८ व्होल्टच्या खाली गेलेली बाद समजा. बाजूची धातूची चिमटी नखानं ढकलली की बॅटरी उडून वर येते. नवी बसवताना अधिकचं चिन्ह वर. मग बायॉसमध्ये तारीख, डिस्कची पद्धत आणि दोन्ही क्रम लावून घ्यायचे. एएचसीआय केल्याबरोबर अण्णांचं विंडोज मुकाट उठलं.

तुमचं विंडोज आयडीईवर टाकलेलं असेल तर आधी आयडीईवरच सुरू करून घ्या, एकदम उडी मारू नका. नंतर विंडोज ७ मध्ये रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या) करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, एमएसएएचसीआय इथे स्टार्टची किंमत ० करा आणि मगच बायॉसमध्ये एएचसीआय करा. विंडोज १० ला सोपी वाट आहे: एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूट टिक करा, रीस्टार्ट करून सरळ बायॉसमध्ये जा, पद्धत बदला, सेफ मोडमध्ये उठू द्या, टिक काढा. बोर्ड जी४१ चा असेल आणि त्यावर आयसीएच७ ची चिप असेल, तर एएचसीआयचा पर्याय शोधत बसू नका, त्या चिपला तो येतच नाही. आयडीईवरही एसएसडी जुन्या हार्डडिस्कपेक्षा कितीतरी पळते.

नवं विंडोज टाकणाऱ्यांसाठी

बूट मेनूत पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, एका नावाआधी यूईएफआय (बायॉसची नवी पिढी) असतं. त्यावरून गेलात तर विंडोज जीपीटी, म्हणजे पार्टिशनची यादी नव्या रीतीने ठेवणारी, डिस्क मागतं, दुसऱ्यावरून गेलात तर एमबीआर. ज्या वाटेनं विंडोज टाकलं त्याच वाटेनं बूट करावं लागतं. ज्या बोर्डाला नुसता जुना बायॉस आहे तो जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू करू शकत नाही, आणि इन्स्टॉलर तसं स्पष्ट सांगून थांबतो. डिस्क रिकामीच असेल तर डिस्कपार्टमध्ये ती निवडून क्लीन आणि कन्व्हर्ट एमबीआर. क्लीन त्या डिस्कवरचं सगळं पुसतं आणि विचारत नाही, म्हणून डिस्कचा नंबर मोठ्यानं वाचा आणि शेजारच्या माणसाला आकार विचारा. पेनड्राइव्ह रुफस या सॉफ्टवेअरनं बनवताना एमबीआर आणि बायॉस हे पर्याय ठेवा.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला रामराम केला, विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ ला. अण्णांचं मशीन नेटला जोडलेलंच नाही, मजकूर मोबाइलवर येतो आणि पेनड्राइव्हनं आत जातो, म्हणून मी ७ राहू दिलं. नेट लागणार असेल तर मी ते केलं नसतं.

जुनी ५०० जीबी मी फॉरमॅट केली नाही. एसएसडीच्याच पाकिटात घातली, वर मार्करनं तारीख आणि "जुनी सी, हात लावू नये" लिहिलं, आणि पाकीट अण्णांच्या पावतीपुस्तकांच्या कपाटात ठेवलं. लग्नसराई संपेपर्यंत ती तिथेच राहील. मेनचं बटण मात्र अण्णा आता रोज बंद करतात, आणि रोज सकाळी तारीख बघून मला फोन करतात.